जुन्या इमारतीचं चित्र कलंडतं किंवा सपाट दिसतं? चूक शोधण्याचा क्रम

मी अनेक वर्षं जुन्या इमारती पेन्सिलीने आणि पेनाने काढते आहे. शिकणाऱ्यांची अडलेली चित्रं सोडवून देणं हाही आता त्याच कामाचा भाग झाला आहे. दर वेळी इमारत वेगळी, हात वेगळा, कागद वेगळा. चित्र बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा त्याच सात-आठ जागी. म्हणून तपासायचा एक क्रम ठरवून टाकला आहे. आधी फुकटात आणि मिनिटभरात होणाऱ्या गोष्टी, पुन्हा आखणी करावी लागेल अशा गोष्टी नंतर.

जुन्या इमारतींची एक खास अडचण आहे. नव्या इमारतीची रेघ चुकली की लगेच डोळ्यांत खुपते. जुनी इमारत मुळातच थोडी वाकलेली, खचलेली असते. त्यामुळे चूक झाली तरी "ती तशीच आहे" असं म्हणून आपण पुढे जातो, आणि ती चूक चित्रभर पसरते. यावर माझा एकच नियम आहे: चित्रातल्या प्रत्येक वाकडेपणाचं कारण सांगता आलं पाहिजे. तुळई मधोमध दबली आहे, पाया एका कोपऱ्यात बसला आहे, भिंतीला पोट सुटलं आहे, असं काही सांगता आलं तर तो वाकडेपणा इमारतीचा. नाही सांगता आलं तर तो आपल्या आखणीचा.

लक्षणं

- इमारत एका बाजूला कलंडलेली वाटते, किंवा जमिनीवरून घसरत असल्यासारखी दिसते.
- जवळचा कोपरा होडीच्या नाळेसारखा टोकदार होऊन अंगावर येतो.
- माणसं हवेत तरंगतात, किंवा दारातून आत जाऊच शकणार नाहीत एवढी मोठी दिसतात.
- लांबच्या खिडक्या जवळच्या खिडक्यांइतक्याच रुंद, तेवढ्याच अंतरावर.
- कमानी एका बाजूला ओघळल्यासारख्या.
- भिंतीला जाडी नाही. दारं-खिडक्या वरून चिकटवल्यासारख्या.
- तासन्‌तास शेडिंग करूनही सगळं चित्र एकाच राखाडी रंगात.
- भेगा, पोपडे, विटा सगळं काढलं, तरी इमारत जुनी न वाटता मळकट वाटते.

पहिली पाच पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे लांब जाणाऱ्या गोष्टी लहान होत जातात ते कागदावर आखण्याची, लक्षणं आहेत, उरलेली शेडिंगची. पण शेडिंगचं दुखणं घेऊन आलेल्या चित्रातही मी आधी आखणी तपासते. चुकीच्या सांगाड्यावर कितीही सुंदर छटा चढवल्या तरी चूक झाकली जात नाही, उलट ठळक होते.

१. चित्र उलटं करा, मग आरशात पाहा

याला काही लागत नाही. कागद उलटा धरा आणि दोन मीटर लांब ठेवा. आपण "इमारत" बघत असतो तोवर मेंदू चुका भरून काढत राहतो. उलट्या चित्रात त्याला फक्त रेषा आणि डाग दिसतात. मग आरशासमोर धरा. कलंडलेली इमारत आरशात विरुद्ध बाजूला कलंडते आणि फरक दुप्पट जाणवतो. लिओनार्दो दा विंचीही चित्रकारांना आपलं काम आरशात पाहायला सांगायचा. चूक कुठे आहे हे कळलं की तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा, दुरुस्ती मात्र इतक्यात करू नका. कारण बहुतेकदा पुढच्या तपासण्यांमध्ये सापडतं.

२. डोळे बारीक करून पाहा

डोळे अर्धवट मिटले की तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. तीन तुकडे स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत: उजेडातली बाजू, सावलीतली बाजू आणि सगळ्यात गडद जागा. दोनच दिसले किंवा सगळं एकात मिसळलं, तर सातव्या आणि आठव्या मुद्द्यावर जास्त वेळ द्यावा लागेल. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून अंगठ्याएवढा लहान करून पाहिला तरी हेच कळतं.

३. डोळ्यांची पातळी एकच आहे ना?

सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात, आणि दुरुस्ती असते फक्त एका रेघेची. तुम्ही जिथून पाहताय तिथे तुमच्या डोळ्यांची जी उंची, तीच चित्रातली क्षितिजरेषा. उभं राहून काढत असाल तर ती जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या मध्याच्या बरीच वर. खाली बसून काढत असाल तर सव्वा मीटरच्याही खाली येते.

घोटाळा असा होतो: सुरुवात उभ्याने केली, पाय दुखले म्हणून बसलात आणि खालचा मजला बसून काढला. आता जोतं एका पातळीवरून पाहिलेलं आणि सज्जा दुसऱ्या. इमारत घसरल्यासारखी दिसते ती यामुळेच.

तपासायची रीत सोपी आहे. क्षितिजरेषा पूर्ण कागदभर हलकी ओढा. त्या रेषेच्या वरच्या सगळ्या आडव्या कडा, म्हणजे वळचण, छज्जा, खिडक्यांचे माथे, लांब जाताना खाली उतरल्या पाहिजेत. खालच्या कडा, म्हणजे जोतं, पायऱ्या, उंबरा, लांब जाताना वर चढल्या पाहिजेत. विटांचा जो थर बरोबर डोळ्यांच्या पातळीवर आहे तो अगदी आडवा राहतो. विटांची भिंत काढताना मी तो एक थर आधी शोधते. बाकीचे थर त्याच्यावरून आपोआप जुळत जातात.

माणसांचं कोडंही इथेच सुटतं. तुम्ही उभं राहून काढत असाल, तर सपाट जमिनीवर उभी असलेली तुमच्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत वा लांब, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायांच्या बाजूने.

४. उभ्या रेषा आणि फोटोचा दोष

दोऱ्याला एखादं वजन बांधून ओळंबा करा आणि चित्र भिंतीला लावून त्यापुढे धरा. समोर सरळ पाहून काढलेल्या चित्रात भिंतींच्या उभ्या कडा ओळंब्यात हव्यात. एखादीच कड ढळली असेल तर ती इमारतीची असू शकते. सगळ्याच कडा एकाच बाजूला ढळल्या असतील तर कागद तिरका धरून काढलं आहे. उजव्या हाताने काढणाऱ्यांच्या रेषा वरून खाली येताना बरेचदा एकाच दिशेने सरकतात. बोर्ड उभा ठेवला आणि खांद्यातून हात हलवला की हे कमी होतं.

फोटोवरून काढलं असेल तर आधी फोटोवर संशय घ्या. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २८ मिलिमीटर लेन्सच्या तोडीचा असतो. आडवा धरल्यास तो साधारण ६५ ते ७४ अंशांचं दृश्य टिपतो. एवढ्या रुंद दृश्यात कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. त्यात मोबाइल वर तिरपा केला की उभ्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. चित्र काढणारा ही झुकलेली भिंत "जुनी आहे म्हणून" जशीच्या तशी उतरवतो.

उपाय म्हणजे मागे जा, मोबाइल सरळ उभा धरा आणि दुप्पट झूम करून फोटो घ्या. पर्स्पेक्टिव्ह ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून, झूममुळे नाही. म्हणून मागे जाणं महत्त्वाचं. मुद्दाम वर पाहतानाचं चित्र हवं असेल, तर उभ्या रेषा झुकवायला हरकत नाही; पण मग सगळ्या मिळून वरच्या एकाच बिंदूकडे गेल्या पाहिजेत.

५. व्हॅनिशिंग पॉइंट फार जवळ घेतलेत का?

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण "कोपरा अंगावर येतो" या तक्रारीचं मूळ जवळपास नेहमी इथेच असतं. व्हॅनिशिंग पॉइंट म्हणजे भिंतीच्या समांतर आडव्या कडा लांब जाताना क्षितिजरेषेवर जिथे एकत्र येतात तो बिंदू; कोपऱ्याच्या दोन बाजूंचे असे दोन बिंदू असतात. शिकताना सोयीसाठी ते दोन्ही कागदावरच घेतात. मग तीच सवय लागते.

आपल्या नजरेला वेडंवाकडं न होता सहज सामावणारं दृश्य साधारण ६० अंशांचं धरतात. इमारतीचा कोपरा काटकोनी असेल, तर त्याच्या दोन बाजूंचे व्हॅनिशिंग पॉइंट डोळ्यापाशी ९० अंशांचा कोन करतात. म्हणजे ६० अंशांत मावणाऱ्या चित्रात ते दोन्ही बिंदू मावूच शकत नाहीत. त्यांच्यातलं अंतर चित्राच्या रुंदीच्या किमान १.७३ पट, म्हणजे जवळपास पावणेदोन पट येतं. ए-४ कागद आडवा धरला तर रुंदी २९.७ सेंटिमीटर, म्हणजे दोन बिंदूंमध्ये निदान ५१ सेंटिमीटर हवेत. एक बाजू ३० आणि दुसरी ६० अंशांत वळलेली असेल तर सुमारे ५९. आणि जरा लांबून, ४० अंशांत पाहिलेलं शांत चित्र हवं असेल तर किमान ८२ सेंटिमीटर.

आता कागद मोठ्या बोर्डवर किंवा टेबलावर चिकटपट्टीने लावा. क्षितिजरेषा दोन्हीकडे बाहेरपर्यंत वाढवा, त्या अंतरांवर टाचण्या टोचा आणि दोरा बांधा. दोरा ताणून एकेका कडेवर ठेवला की ती कड बरोबर आहे की नाही हे लगेच दिसतं. मी आजही मोठ्या चित्राला हेच करते. टेबल पुरत नसेल तर जवळच्या कोपऱ्याची उभी कड आणि कागदाची बाहेरची कड दोन्हींवर समान भागांच्या खुणा करा. कागदाच्या कडेवरचे भाग प्रमाणात लहान घ्या आणि क्षितिजरेषेवरची खूण दोन्हीकडे एकच ठेवा. समोरासमोरच्या खुणा जोडल्या की रेषा आपोआप त्या न दिसणाऱ्या बिंदूकडे जातात.

जुन्या इमारतीचा कोपरा काटकोनी असेलच असं नाही. वाकड्या रस्त्याच्या कडेने बांधलेल्या भिंती रस्त्यासारख्याच वळतात. अशा वेळी प्रत्येक भिंतीला स्वतःचा व्हॅनिशिंग पॉइंट द्या, पण तो त्याच क्षितिजरेषेवर ठेवा. भिंत कितीही वाकडी वळली तरी तिच्यावरच्या सपाट आडव्या कडा क्षितिजरेषा सोडत नाहीत.

६. खण, कमानी, छपराची पाखी

खिडक्यांमधली अंतरं अंदाजाने कमी करत जाऊ नका. पहिल्या खणाची, म्हणजे एका खिडकीपुरत्या भिंतीच्या भागाची, चौकट काढा. तिच्या उंचीच्या मध्यातून व्हॅनिशिंग पॉइंटकडे रेषा न्या. आता जवळच्या उभ्या कडेच्या वरच्या टोकापासून लांबच्या उभ्या कडेच्या मध्यातून तिरपी रेषा खालच्या रेषेपर्यंत ओढा. ती जिथे पोहोचेल तिथे पुढचा खण संपतो. असंच पुढे जात राहा. दहा खणांच्या लांब भिंतीला पाच मिनिटं लागतात.

कमानींचं ओघळणं थांबवायचं असेल तर हातावर भरवसा ठेवण्याआधी चौकट आखा. अर्धगोल कमान जिथून सुरू होते त्या पातळीपासून माथ्यापर्यंतची चौकट पर्स्पेक्टिव्हमध्ये काढा. तिचे दोन कर्ण छेदतात तिथून उभी रेषा काढा. ती वरच्या कडेला भेटते तिथे कळीचा दगड, म्हणजे कमानीच्या माथ्याचा मधला दगड, बसेल, खालच्या कडेला भेटते तो कमानीचा मध्य. त्या मध्यापासून वरच्या दोन्ही कोपऱ्यांना तिरप्या रेषा जोडा. जवळच्या उभ्या कडेवर उंचीच्या दहापैकी सात भागांवर खूण करा आणि ती व्हॅनिशिंग पॉइंटला जोडा. ही रेषा त्या दोन तिरप्या रेषांना जिथे छेदते तिथून कमान जायला हवी. सुरुवातीचे दोन, मधले दोन आणि माथ्याचा एक अशा पाच बिंदूंतून वळण सहज निघतं. एक गोष्ट विचित्र वाटेल, पण ती बरोबर आहे: डोळ्यांच्या वरच्या कमानीचा चित्रातला सर्वांत उंच भाग कळीच्या दगडावर नसतो, त्याच्या थोडा जवळच्या बाजूला येतो. लोक तो "दुरुस्त" करतात आणि कमान बिघडते.

दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या, छपराचं आढं (उतार जिथे मिळतात ती वरची कड) त्रिकोणी भिंतीच्या मधोमध असतं. पट्टीने मोजलेला मध्य मात्र इथे चालत नाही. भिंतीच्या चौकटीचे कर्ण काढून मिळालेला मध्य घ्या, तो लांबच्या कडेकडे सरकलेला असतो. पाखीच्या तिरप्या कडांचाही व्हॅनिशिंग पॉइंट असतो, त्या भिंतीच्या बिंदूच्या बरोबर वर किंवा खाली. म्हणून जवळची आणि लांबची तिरपी कड अगदी समांतर काढू नका.

७. उजेड एकाच बाजूने येतोय का?

प्रत्यक्ष जागेवर दोन-तीन तास बसलात तर ऊन सरकतं. डावीकडच्या सावल्या सकाळच्या आणि उजवीकडच्या दुपारच्या, असं चित्र कधीच उभं राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा हलक्या आखून टाका आणि नंतर ऊन कुठेही गेलं तरी त्या बदलू नका.

मनाने उजेड ठरवत असाल तर वास्तुरेखाटनातली जुनी रीत वापरा: उजेड डाव्या खांद्यावरून, समोरून आणि वरून दोन्हीकडे ४५ अंशांत. त्यात छज्जा भिंतीपासून जेवढा पुढे, तेवढीच त्याची सावली भिंतीवर खाली येते. ६० सेंटिमीटरचा छज्जा, ६० सेंटिमीटरची सावली. खिडकी भिंतीत २० सेंटिमीटर आत असेल तर तिच्या वरच्या आणि डाव्या कडेची सावली २० सेंटिमीटर. भिंत जाड आहे हे पाहणाऱ्याला या सावलीतूनच कळतं. वळचणीच्या सावलीची खालची कड वळचणीला समांतर असते, म्हणून तीही त्याच व्हॅनिशिंग पॉइंटकडे जाते.

खिडक्या चिकटवल्यासारख्या दिसण्याचं आणखी एक कारण असतं: भिंतीची जाडी दोन्ही बाजूंना काढलेली असते. तिरकं पाहताना आतली फक्त लांबची बाजू दिसते, जवळची भिंतीच्या आड जाते. क्षितिजरेषेच्या वरच्या खिडकीच्या माथ्याचा खालचा भाग दिसतो, खिडकीचा ओटा दिसत नाही. एवढं सुधारलं की शेडिंग न करताही खिडकी आत जाते.

८. छटा कशा चढवल्या आहेत?

कागदाच्या कडेला पाच चौकोन काढा: कोरा कागद, फिकट, मध्यम, गडद, तुमच्या पेन्सिलीचा सगळ्यात काळा. मग ठरवा: उजेडातली भिंत पहिल्या दोन चौकोनांतच राहील, सावलीतली भिंत तिसऱ्यात आणि पडछाया चौथ्यात. पाचवा फक्त उघड्या दारांच्या आणि खिडक्यांच्या आत, तोही सगळीकडे नाही. उजेडातल्या भिंतीवर डाग, भेगा, विटांमधले सांधे काहीही काढा, पण ते सावलीतल्या भिंतीएवढे गडद होऊ देऊ नका. चित्र एकसारखं राखाडी होतं ते ही मर्यादा मोडल्यामुळे.

सावलीतली बाजू काळी ठार नसते. जमिनीवरचं ऊन परावर्तित होऊन वर येतं, म्हणून छज्ज्याचा खालचा भाग आणि कमानीचं पोट थोडं उजळ दिसतं. तिथे पेन्सिल हलकी ठेवली की सावलीत हवा खेळते. उघड्या दाराच्या आतही सगळा काळा रंग भरू नका. वर गडद आणि खाली, जिथे आत उजेड पडतो तिथे थोडं कमी.

दाबून काळं करण्याचा प्रयत्न सोडा. ग्राफाइट चकाकतं, आणि कागदाचा खरखरीतपणा एकदा दाबला गेला की त्यावर पुढचा थर बसत नाही. एचबी पेन्सिलीने आखणी, तिच्याहून मऊ आणि गडद २बीने मोठ्या छटा, आणखी गडद ४बी किंवा ६बी शेवटच्या गडद जागांना, असे थर द्या. बोटाने घासू नका; त्वचेचं तेल कागदावर उतरतं आणि डाग पडतो. रेषांची दिशाही काम करते: भिंतीवर उभ्या किंवा व्हॅनिशिंग पॉइंटकडे जाणाऱ्या, जमिनीवर आडव्या, छपरावर उताराच्या. पेनाने काढत असाल तर गडदपणा जाड निबेतून न आणता रेषांच्या थरांतून आणा. इटालियन कोरीवचित्रकार पिरानेसीने (१७२०–१७७८) कोरलेल्या रोममधल्या भग्न वास्तू पाहा. त्याच्या गडद सावल्याही रेषांनीच भरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्या आतही दगड दिसतो.

९. जुनेपणा शेवटी

सरळ सांगाडा उभा राहिला, छटा बसल्या, आता इमारतीला वाकवा. आढं मधोमध थोडं खाली आणा. तुळई दबली असेल तर तिच्या खालची खिडकीची चौकटही तिरकी होईल आणि तिथून गिलाव्याला भेग जाईल, बहुधा उघडणीच्या कोपऱ्यातून तिरपी. पन्हळ फुटली असेल तिथे खाली ओलीचा लांब डाग येईल. गिलावा जोत्याजवळ आधी सुटतो, कारण जमिनीतली ओल तिथे चढते. अशी एकेक गोष्ट कारणासह आली की इमारतीचं वय दिसतं.

विटा सगळ्या काढू नका. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे आठ-दहा पुरतात. डोळा बाकीची भिंत भरून घेतो. लांबच्या भागात तपशील आणि गडदपणा दोन्ही कमी करा.

कुठे थांबायचं

क्षितिजरेषा किंवा व्हॅनिशिंग पॉइंट मुळातच चुकले असतील आणि पेन फिरवून झालं असेल, तर खोडाखोड करू नका. ट्रेसिंग पेपर ठेवून नवीन आखणी करा आणि नव्या कागदावर काढा. कागदाचा पृष्ठभाग उठायला लागला की रबर ठेवून द्या.

हे सगळं तीन-चार चित्रांवर करूनही तीच चूक परत येत असेल, तर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या चित्रकाराला तुम्ही काढत असताना बघायला सांगा. बसण्यातला, बोर्ड धरण्यातला, पाहण्यातला दोष पूर्ण झालेल्या चित्रात दिसत नाही.

चित्र इमारतीच्या दुरुस्तीसाठी, परवानगीसाठी किंवा नोंदीसाठी लागणार असेल तर हाताने काढलेल्या पर्स्पेक्टिव्हवर थांबू नका. तिथे मोजमापासह आराखडे लागतात आणि ते काम जतन-वास्तुविशारदाचं आहे. काढताना भिंतीत रुंदावत जाणारी भेग, सुटलेली तुळई किंवा झुकलेला सज्जा दिसला तर तिथून दूर व्हा आणि इमारतीच्या मालकाला कळवा. भेग धोक्याची आहे की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. पडक्या इमारतीत आतून चित्र काढायला जाऊ नका.

आणखी एक तपासणी मी प्रत्येकाला सांगते. एक डोळा झाकून खिडकीच्या सरळ कडेकडे पाहा, मग दुसरा झाकून. एका डोळ्याला ती कड नागमोडी, तुटक किंवा मध्येच पुसट दिसली तर पेन्सिल खाली ठेवा आणि लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दृष्टिपटलाच्या आजारात असं होऊ शकतं, आणि त्यात उशीर करून चालत नाही.